शेरळ, चुका आणि गाळातलं एक बारीक तण

दिवाळी सरली की कारंज्याजवळच्या अडाण धरणाचं पाणी उतरायला लागतं. पावसाळ्यात बुडालेली जमीन टप्प्याटप्प्यानं उघडी पडते आणि तिथे गाळपेर सुरू होते. ज्या पट्ट्यात नांगर फिरत नाही, जिथून गुरं पाण्यावर जातात, तिथे काळ्या मातीला मोठ्या भेगा पडण्याआधीच एक हिरवट-करडी वनस्पती जमिनीला चिकटून पसरते. मूळ एक, आणि त्यातून चहूबाजूंना निघालेल्या बारीक काड्या, वीतभर ते हातभर लांब. पानं एवढीशी की बोटाच्या पेरावर दोनतीन सहज मावतील. गुरांच्या खुरांखाली ती रोज तुडवली जाते आणि तरी वाढत राहते. शेतकऱ्याच्या लेखी तो कचरा. निंदताना हाती आला तर उपटायचा, एवढाच त्याचा मान. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव पॉलिगोनम प्लेबियम.

हिची खरी भावंडं बाल्टिक समुद्राच्या वाळूत आणि नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर वाढतात. उलट तिच्यापासून चार पावलांवर, त्याच अडाणच्या पाण्यात कमरेएवढं उंच होणारं शेरळ दीडदोनशे वर्षं तिच्याच प्रजातीत गणलं जात होतं, आणि ते मात्र लांबच्या नात्यातलं निघालं. शेजारचं परकं आणि सातासमुद्रापलीकडचं सख्खं, हा निवाडा कोणत्या पुराव्यावर झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यातला निम्मा पुरावा कोणालाही साध्या भिंगानं पाहता येतो.

एक काडी तोडून नीट बघा. तिच्यावर जवळजवळ पेरं आहेत आणि प्रत्येक पेराशी चांदीसारखं चमकणारं, पारदर्शक, चिंधड्या झालेलं एक पातळ आवरण आहे. पानाच्या बुडाशी जी उपपर्णं असतात, ती इथे एकत्र जुळून त्यांची नळी झाली आहे आणि त्या नळीनं खोडाला वेढा घातला आहे. प्लेबियममध्ये ही नळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, वरच्या टोकाला फाटून तिचे धागे झालेले. तळ्याच्या काठी जमिनीला चिकटून पसरणाऱ्या वनस्पती पुष्कळ. जलपिंपळी तिथेच असते, त्रिपक्षीही असते. पण पेराला असा चांदीचा वेढा त्यांच्यापैकी कोणाला नाही. एवढी एक खूण पाहिली की कुल ठरलं: पॉलिगोनेसी, ज्याला मराठीत चुक्र कुल म्हणतात.

हे कुल आपल्याला अनोळखी नाही. बाजारात मिळणारा आंबट चुका याच कुलातला. पुढच्या वेळी चुक्याची जुडी निवडताना देठाच्या बुडाशी पाहा, तिथेही तोच पातळ पापुद्रा सापडेल. भाजी निवडताना आपण तो न बघताच काढून टाकतो. चुक्याचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा, म्हणूनच मुतखड्याचा त्रास असलेल्यांना वैद्य आणि डॉक्टर दोघेही तो जपून खायला सांगतात. चुका फुलावर आला तर फुलात सहा पाकळीवजा दलं दिसतात, त्यातली आतली तीन फळाबरोबर वाढून गुलाबी शिरांचे कागदी पंख होतात. उपवासाला उत्तरेत चालणारं आणि आता आपल्याकडेही मिळणारं कुट्टूचं पीठ याच कुलातलं. कुट्टू हे गवत नाही, म्हणून ते धान्यात धरत नाहीत. त्याचा दाणा म्हणजे तीन धारांचं एक कवचबंद फळ. काष्ठौषधींच्या दुकानातली रेवाचिनी आणि घराच्या कुंपणावर चढवलेली गुलाबी फुलांची आइसक्रीम क्रीपर ही वेलही इथलीच. सगळ्या जगात मिळून या कुलात सुमारे 50 प्रजाती आणि 1,200 च्या आसपास जाती आहेत. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या घरातली एकेक व्यक्ती, असं धरलं तर पुढचा गोंधळ समजायला सोपा जाईल. कारण हा सगळा गोंधळ आडनावाचा आहे.

स्वीडनच्या लिनियसनं 1753 मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' हा ग्रंथ छापला आणि वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची आजची रीत पक्की केली. फुलातले पुंकेसर किती आणि स्त्रीकेसराच्या कुक्षिवृंती किती, हे मोजायचं आणि त्यावरून वर्ग ठरवायचा, ही त्याची पद्धत. पॉलिगोनम या प्रजातीला त्यानं आठ पुंकेसर आणि तीन कुक्षिवृंतींच्या गटात टाकलं. त्या एका आडनावाखाली त्यानं कुट्टू घातला, डोंगराळ भागातल्या गाठाळ कंदांच्या जाती घातल्या, वेली घातल्या, पाणथळीत उभ्या वाढणाऱ्या जाती घातल्या आणि रस्त्याकडेला जमिनीला चिकटून पसरणारी पॉलिगोनम ॲव्हिक्युलेअरही घातली. मोजणीची पद्धत सोपी होती, शिकायला आठवडाही लागत नसे, आणि तिच्यामुळे साऱ्या जगाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एका भाषेत बोलू लागले. हे काम फार मोठं आहे. पण मोजणीनं नातं कळतंच असं नाही. कारंज्याच्या आपल्या तणाच्या फुलात पुंकेसर पाचच असतात. आठ पुंकेसरांच्या त्या मोजणीत ते बसत नाही.

लिनियसच्या पाठोपाठ वर्षभरात, 1754 मध्ये, लंडनच्या चेल्सी उद्यानाचा माळी फिलिप मिलर यानं या मोठ्या घराची वाटणी केली. पर्सिकेरिया वेगळी, बिस्टॉर्टा वेगळी, फॅगोपायरम म्हणजे कुट्टू वेगळा. मिलर रोज हातानं रोपं लावणारा माणूस होता. बी कसं रुजतं, रोप कसं वाढतं, फूल खोडावर नेमकं कुठे येतं, हे त्यानं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. त्याचं म्हणणं मात्र फार थोड्यांनी ऐकलं. पुढची सव्वादोनशे वर्षं बहुतेक ग्रंथांत पॉलिगोनम हे एकत्र कुटुंबच राहिलं.

आपल्या तणाला नाव मिळालं ते भारतात नाही, ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून. मॅथ्यू फ्लिंडर्सच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर 1801 मध्ये निघालेला स्कॉटिश तरुण रॉबर्ट ब्राउन हजारो वनस्पती गोळा करून 1805 मध्ये परतला आणि 1810 मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पॉलिगोनम प्लेबियम पहिल्यांदा आलं. शाळेत शिकलेली 'ब्राउनीय गती' ज्याच्या नावानं ओळखली जाते तोच हा ब्राउन. परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना त्यानं 1827 मध्ये पाहिले. इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून दीड मिलिमीटरचं फूल निसटलं नाही, यात नवल नाही. आफ्रिका, मादागास्कर, भारत, चीन ते ऑस्ट्रेलिया असा या एका जातीचा पसारा आहे. त्यामुळे ब्राउननं तिला जिथे पाहिलं ती जागा आणि अडाणचा काठ यांच्यात महासागर असला, तरी जात तीच.

आता शेरळाकडे वळू. विदर्भातल्या बारमाही ओढ्यांत, नद्यांच्या डोहात, कालव्याच्या पाझरात ते भरपूर वाढतं. खोड तांबूस, पेरांशी फुगलेलं, पानं भाल्याच्या पात्यासारखी लांब आणि गुळगुळीत, शेंड्याला गुलाबी-पांढऱ्या फुलांचे भरगच्च तुरे. विल्डेनोनं 1799 मध्ये त्याचं नाव पॉलिगोनम ग्लाब्रम ठेवलं. हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पाचव्या खंडात ते तसंच आलं आणि थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथातही. कुकचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. महाराष्ट्रातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आजही आधी तोच उघडतात; पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे कारंजा त्याच्या कक्षेबाहेर राहिलं. या भागाचा नीट वनस्पतिग्रंथ व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. कांबळे आणि प्रधान यांचा 'फ्लोरा ऑफ अकोला डिस्ट्रिक्ट' भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं 1988 मध्ये प्रसिद्ध केला. वाशिम जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला, म्हणजे कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. कारंज्याच्या कोणाला आपल्या गावच्या वनस्पती अभ्यासायच्या असतील तर वाशिमचा ग्रंथ शोधत बसू नये, अकोल्याचा मागावा.

शेरळ आणि आपलं तण यांत फरक कोणते? पहिला ठळक फरक फुलांच्या जागेचा. शेरळाची फुलं शेंड्याला तुऱ्यात येतात. प्लेबियमची फुलं तीन ते सहाच्या घोळक्यानं प्रत्येक पानाच्या बगलेत दडलेली असतात, अख्ख्या काडीभर, बुडापासून टोकापर्यंत. दुसरा फरक उपपर्णांच्या नळीचा. शेरळाची नळी लांब, तपकिरी, वर सपाट कापल्यासारखी. प्लेबियमची रुपेरी आणि फाटकी. तिसरा फरक पानाच्या बुडाचा. प्लेबियमचं पान जिथे नळीला जोडलेलं असतं तिथे एक बारीक सांधा आहे. वाळलं की पान त्याच सांध्यावर सुटून येतं. फळाचा फरक मात्र फसवा आहे. प्लेबियमचं फळ तीन धारांचं, काळपट, चकचकीत. शेरळाचं दोन्ही बाजूंनी फुगीर, मसुराच्या आकाराचं. यावरून भेद ठरवावा तर शेरळाच्या जवळची दुसरी जाती, नळीच्या काठावर लांब केस असलेली पर्सिकेरिया बार्बाटा, तिचं फळही तीन धारांचंच निघतं. मोजणीवर आणि एकाच अवयवावर विसंबून राहिलं की असंच होतं. मला वाटतं, वर्गीकरण शिकणाऱ्यानं हे एक उदाहरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर पुस्तकाचं अर्धं प्रकरण न वाचताच समजेल.

डोळ्यांना न दिसणारा पुरावा परागकणांत होता. ओलोव्ह हेडबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1946 मध्ये या सगळ्या मोठ्या प्रजातीच्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पर्सिकेरियाच्या गटात परागकण गोल, जाळीदार आणि सर्वांगावर छिद्रं असलेला. प्लेबियम ज्या गटात मोडतं त्यात तो तीन चिरांचा. एकाच प्रजातीतल्या भावंडांत परागकणाची घडण इतकी वेगळी असणं खटकणारंच होतं. पुढे 1978 मध्ये हॅराल्डसन यांनी खोड-पानांच्या अंतर्रचनेवरून आणि 1988 मध्ये रोन्स द क्राने आणि एकरॉइड यांनी फुलांच्या सूक्ष्म रचनेवरून हेच सांगितलं. 2003 मध्ये फ्राय आणि क्रॉन यांनी हरितलवकातल्या एका जनुकाची तुलना केली, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही. मिलर बरोबर होता. शेरळ आता पर्सिकेरिया ग्लाब्रा आहे, कुट्टू फॅगोपायरम आहे आणि पॉलिगोनम हे आडनाव फक्त त्या बारीक, पसरट, बगलेत फुलणाऱ्या मंडळींकडे राहिलं.

या नव्या मांडणीत एक नातं फार अनपेक्षित आहे. ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्या मराठी माणसाला विक्रीच्या कागदपत्रांत 'जागेत जपानी नॉटवीड आहे का' असा प्रश्न भेटतो. ही बांबूसारखी उंच वाढणारी, भिंतीच्या फटीतून डोकं वर काढणारी वनस्पती पूर्वी पॉलिगोनम कस्पिडेटम होती, आता रेनोट्रिया जॅपोनिका आहे. दिसायला तिचं आणि प्लेबियमचं काडीचं साम्य नाही. तरीही जनुकांच्या हिशोबानं अडाणकाठचं तण शेरळापेक्षा या जपानी वनस्पतीला जवळचं आहे. कुलाच्याही वर गेलं तर चुक्र कुलाचं सर्वांत जवळचं नातं निघतं ते चित्रकाच्या कुलाशी.

नाव बदललं की लोक वैतागतात आणि तो वैताग मला समजतो. कारंजा गावाच्या नावाशी ज्या झाडाचं नाव जुळतं त्या करंजालाही ही फरफट चुकलेली नाही. लिनियसनं त्याला सायटिसस पिन्नाटस म्हटलं, मग ते पोंगामिया झालं, डेरिस झालं, भारतीय शास्त्रज्ञ पाणिग्रही यांनी त्याला मिलेशियात नेलं, आणि आता पुन्हा पोंगामिया म्हणणारे पुष्कळ आहेत. पण पॉलिगोनमच्या बाबतीत नाव बदलणं ही हौस नव्हती. जुनं नाव कायम ठेवलं असतं तर शेरळ आणि प्लेबियम एका पूर्वजाची लेकरं आहेत असं आपण दर वेळी लिहीत राहिलो असतो, आणि ते खोटं झालं असतं.

तर मग खरी भावंडं कोणती? बाल्टिकच्या किनाऱ्यावरची पॉलिगोनम ऑक्सिस्पर्मम, पश्चिम युरोपच्या वाळूतली पॉलिगोनम राई आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाकडून रशियाच्या श्वेत समुद्राकडे पसरलेली पॉलिगोनम नॉर्व्हेजिकम. यातल्या राईला बॅबिंग्टन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं 1836 मध्ये नाव दिलं, सतराव्या शतकातल्या जॉन रे याच्या स्मरणार्थ. नॉर्वेच्या वनस्पतीला आधी स्वीडनच्या सॅम्युएल्सननं राईची उपजाती मानलं, नंतर नॉर्वेच्या योहानेस लिडनं तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. 1963 मध्ये वेब आणि चेटर यांनी राईलाच ऑक्सिस्पर्ममची उपजाती करून टाकलं. म्हणजे तीन जाती की एका जातीच्या तीन उपजाती, यावर युरोपातल्या ग्रंथांचं अजून एकमत नाही. वादाचं मूळ फळात आहे: ते किती लांब, फुलाच्या वाळक्या दलांबाहेर किती डोकावतं आणि त्याचा रंग कोणता. ही तिन्ही मापं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाताना हळूहळू बदलत जातात. निसर्गानं जिथे उतार ठेवला आहे तिथे पायऱ्या मोजायच्या, हे काम कोणालाही अवघडच जाईल.

प्लेबियमशेजारी ही उत्तरेकडची वनस्पती ठेवली तर फरकही लगेच दिसतात. तिची पानं मोठी, जाडसर, निळसर छटेची. पुंकेसर साधारण आठ. फळ चार-पाच मिलिमीटरचं आणि दलांतून ठळकपणे बाहेर आलेलं. प्लेबियमचं फळ दीड-दोन मिलिमीटरचं आणि दलांच्या आत झाकलेलं. पण पेराशी तीच फाटकी रुपेरी नळी, पानाच्या बुडाशी तोच सांधा, बगलेत तीच गुच्छ करून बसलेली फुलं. कारंज्याच्या माणसाला बाल्टिकच्या वाळूत उभं केलं आणि अडाणकाठची ही तीन लक्षणं त्याला पाठ असली, तर पुस्तक न उघडता तो तिथल्या वनस्पतीची प्रजाती सांगू शकेल.

राहण्याची जागाही मुळात एकाच तऱ्हेची. उत्तरेच्या समुद्रकाठी हिवाळी वादळांत लाटा समुद्री शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर टाकतात. ते कुजतात आणि वाळू-गोट्यांच्या नापीक जागेत खताची एक ओळ तयार होते. त्या ओळीत ही वनस्पती रुजते, एका उन्हाळ्यात फुलते, फळते आणि मरते. पुढच्या वादळात ती जागाच उलथीपालथी होते. इथे अडाणकाठी पाणी खारट नाही, शेवाळही नाही. पण पावसाळ्यात धरण भरतं, गाळ बसतो, हिवाळ्यात काठ उघडा पडतो आणि दुसऱ्या उंच वनस्पतींनी ती जागा बळकावण्याआधी चारपाच महिन्यांची मोकळीक मिळते. गुरांचं शेण-मूत आहेच. प्लेबियम त्याच मुदतीत आपला संसार उरकतं: थंडीत पसरतं, माघ-फाल्गुनात फळतं, उन्हाळ्यात वाळून जातं आणि बी गाळात ठेवून जातं. दोन्हीकडे वर्षभराची सत्ता पाण्याच्या हाती आहे, आणि दोन्ही वनस्पतींनी मोठं होण्यापेक्षा लवकर होणं पत्करलं आहे. जमिनीला चिकटून राहण्याचा फायदाही दोघींना आहे. तिकडे वाऱ्यापासून, इकडे खुरांपासून.

गाळपेरीच्या गव्हा-हरभऱ्यात प्लेबियम तण म्हणून येतं, पण आडवं पसरत असल्यानं पिकाचा उजेड ते अडवत नाही. ओल मात्र थोडी खातं. हूकरनं या एका जातीचे अनेक प्रकार नोंदवले होते, पानाच्या रुंदीवरून आणि पेरांमधल्या अंतरावरून. आजचे ग्रंथ बहुतेकांना एकाच नावात घेतात, आणि ते पटण्यासारखं आहे. ओलीजवळ वाढलेलं रोप लांब कांड्यांचं, रुंद पानांचं होतं आणि वीस पावलं वर भेगाळलेल्या मातीतलं आखूड, तांबूस, करकरीत. या दोन टोकांच्या मधली रोपंही त्याच उतारावर ओळीनं दिसतात.

ज्यांना ही वनस्पती स्वतः पाहायची आहे त्यांनी डिसेंबरात जाऊन घाई करू नये. तेव्हा फुलं असतात, फळ पिकलेलं नसतं, आणि या प्रजातीत पिकलेल्या फळाशिवाय ओळख पक्की होत नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कारंज्यातल्या ऋषी तलावाच्या किंवा अडाणच्या काठावरून मुळासकट एक रोप काढावं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबावं आणि जागा, तारीख, मातीचा प्रकार तिथेच लिहून ठेवावा. रोप वाळल्यावर बगलेतली दलं टाचणीनं उघडावीत. आतलं तीन धारांचं फळ चकचकीत आहे की खडबडीत, हे दहापट भिंगात स्पष्ट दिसतं. चकचकीत असेल आणि फुलात पाच पुंकेसर मोजता आले असतील तर ते प्लेबियम. शंका राहिली तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात महाराष्ट्रभरातले वाळवलेले नमुने जपून ठेवले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहता येतं. एक शेरळाचं रोपही सोबत न्यावं, तुऱ्यासकट. दोन्ही नमुने एका टेबलावर शेजारी ठेवले की पेराची नळी, फुलांची जागा आणि फळाचा आकार एका नजरेत समोर येतात.